विहिरीतले गोटे नदीचे नव्हेत

प्रश्न : मॅडम, या उन्हाळ्यात आम्ही नवी विहीर खोदायला घेतली. चार हात काळी माती गेल्यावर मुरूम लागला, आणि मुरमात फुटबॉलएवढे गोल गोटे. हात लावला की कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. वडील म्हणतात, पूर्वी इथून नदी वाहत असणार. त्याखाली काळा पाषाण लागला, 35 फुटांवर विटेच्या रंगाचा दीड हात जाड पट्टा, आणि पट्ट्याखालच्या दगडात पांढरे-गुलाबी खडे. इथे खरंच नदी होती का? आणि त्या खड्यांचं काय करू?
— एक शेतकरी, सिन्नर तालुका

उत्तर : वाहत्या पाण्यात दगड गोल होतो, हे वडिलांचं म्हणणं खरं आहे. पण तुमचे गोटे गोल होण्यासाठी वीतभरसुद्धा सरकलेले नाहीत. त्यातला एक मधोमध फोडून पाहा. बाहेरचे पापुद्रे तांबूस-पिवळे, बोटांनी चुरा होतील असे. आत करडा थर. आणि अगदी मध्ये काळाभोर गाभा, हातोडी मारली की टणकन वाजणारा. नदीचा गोटा सालीपासून गाभ्यापर्यंत बहुधा एकसारखा घट्ट असतो. शिवाय खड्ड्याच्या भिंतीकडे जरा लांबून बघा. गोटे रांगेत दिसतील आणि रांगांमधून जुन्या भेगांच्या रेषा गेलेल्या दिसतील.

त्या भेगांतच सगळं आहे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर इथे पसरले. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर तो बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, उरलेला आहे. थिजताना दगड आकसला, त्याला भेगा पडल्या आणि त्याचे ठोकळे झाले. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि भेगांतून उतरतं. ठोकळ्याच्या सपाट अंगावर ते एकाच बाजूने भिडतं, कडेवर दोन बाजूंनी, कोपऱ्यावर तीन बाजूंनी. म्हणून कोपरे आधी जातात आणि उरतो तो गोटा. दगडातल्या फेल्डस्पार नावाच्या खनिजाची चिकणमाती होते, लोह गंजतं, बाहेरचा भाग फुगतो आणि पापुद्रा सुटतो. पुढे त्याचाच मुरूम आणि शेवटी काळी माती. तुमच्या शेतात थोडी माती चढावरून वाहून आलेलीही असेल. पण मे महिन्यात जमिनीला ज्या हातभर भेगा पडतात, त्या याच फुगणाऱ्या-आकसणाऱ्या चिकणमातीमुळे.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी, 1991 मध्ये, मी अशाच एका विहिरीत क्रेनच्या पाटीत बसून उतरले होते. वहीत ‘वेदर्ड बेसाल्ट’ असं लिहीत होते. शेजारी पहार घेऊन उभे असलेले विहीर खोदणारे बाबा म्हणाले, “पोरी, दगड कुजलाय. पाणी हितंच बसलंय.” त्यांनी पहारीने भिंत ठोकत ठोकत एक जागा दाखवली. तिथून तासाभरात पाझर सुरू झाला. तेव्हापासून मी ‘कुजका दगड’ असंच म्हणते. ताजा पाषाण पाणी धरत नाही, कुजका धरतो, आणि हे त्या एका शब्दात येतं.

आता लाल पट्टा. नदी नव्हती, पण जमीन होती! खालचा लाव्हा थंड झाल्यावर हजारो वर्षं तसाच उघडा पडला, ऊनपावसात कुजला, त्याची माती झाली. काही ठिकाणी त्या मातीत ज्वालामुखीची राखही मिसळलेली सापडते. मग पुढचा लाव्हारस आला आणि त्याने ती झाकून टाकली, भाजून काढली. तुम्ही 35 फुटांवर जिथे पाय ठेवलात तो त्या काळातला पृष्ठभाग आहे.

पण कौतुकात एक विसरू नका, हे मी कळकळीने सांगते. ही लाल माती पाणी लागलं की विरघळल्यासारखी सुटते. ती आत खचली की वरचा पाषाण अधांतरी राहतो आणि कधीतरी खाली येतो. विहीर भरण्याआधी त्या पट्ट्याला बांधकाम करून घ्या, आणि तोवर त्याच्याखाली कुणालाही कामाला उतरवू नका.

खडे हे बहुधा झिओलाइट असावेत. प्रत्येक लाव्हा-थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकतात, म्हणून ते तुम्हाला पट्ट्याच्या लगेच खाली सापडले. नंतर दगडातून फिरलेल्या कोमट-गरम पाण्याने त्या पोकळ्या भरल्या. गुलाबीसर खडा कमरेला आवळलेल्या पेंढीसारखा दिसत असेल तर तो स्टिल्बाइट. 1756 मध्ये स्वीडनचे खनिजतज्ज्ञ क्रोनस्टेट यांनी अशा खनिजाला आच दिली, तेव्हा त्यातलं पाणी बाहेर पडून ते फेसाळलं. म्हणून त्यांनी ‘उकळणारा दगड’ या अर्थी झिओलाइट हे नाव दिलं. खडे पोकळीतून उपटू नका, भोवतालच्या दगडासकट काढा आणि नुसत्या पाण्याने मऊ ब्रशने धुवा. पोकळीसकट खडा गावच्या शाळेत ठेवलात तर मला फार आनंद होईल.

प्रश्न : आमचा जांभ्याचा चिरा खाणीत मऊ आणि बाहेर कडक, असं का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमच्याकडेही मुळात हाच काळा पाषाण. पण कोकणातल्या पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली आणि लोह-अॅल्युमिनियम मागे ठेवलं. सिन्नरच्या कमी पावसात तेवढं धुतलं जात नाही, म्हणून तिथे काळी माती. जमिनीत असताना जांभा ओला असतो, म्हणून तासता येतो. उघड्यावर वाळला की त्यातली लोहाची संयुगं घट्ट बसतात. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टर-सर्वेक्षकांनी 1807 मध्ये जांभ्याला लॅटराइट म्हटलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. केरळात त्यांनी लोकांना तो विटांसारखा कापताना पाहिलं होतं.