इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये एका सामन्यात 10 गोल कुणी केले? पुढे त्याचं काय झालं?

जो पेन, ल्युटन टाउन क्लबचा. आणि गंमत म्हणजे हा गडी मुळात स्ट्रायकर (पुढे राहून गोल करणारा) नव्हताच! चेस्टरफील्डकडच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातला पोरगा, बोल्सोव्हर कॉलियरीच्या संघातून ल्युटनला आला आणि तिथे हाफबॅक (मधल्या फळीतला खेळाडू) म्हणून बहुतेक राखीव संघातच पडून होता. 13 एप्रिल 1936, ईस्टर सोमवार. नेहमीचे सेंटर फॉरवर्ड जायबंदी, म्हणून ब्रिस्टल रोव्हर्सविरुद्ध नाइलाजाने यालाच पुढे खेळवलं. ल्युटन 12-0 ने जिंकलं, त्यातले 10 गोल एकट्या पेनचे. ट्रॅनमिअर क्लबच्या बनी बेलने 9 गोलांचा विक्रम केला होता, त्याला जेमतेम साडेतीन महिने झाले होते. पेनचा विक्रम मात्र अजून कुणाला मोडता आलेला नाही.

तो एका दिवसाचा चमत्कार होता असं म्हणणाऱ्यांनी पुढचा मोसम बघावा. 1936-37 मध्ये त्याने लीगमध्ये 55 गोल ठोकले आणि ल्युटन लीगच्या तिसऱ्या विभागाच्या दक्षिण गटातून वरच्या विभागात चढलं. (त्याच मोसमात तिसऱ्या विभागाच्या उत्तर गटात मॅन्सफील्ड क्लबच्या टेड हार्स्टननेही 55च केले, पण त्याचं नाव आज कोण घेतं?)

इंग्लंडकडून पेन एकदाच खेळला, 1937 मध्ये फिनलंडविरुद्ध. 2 गोल केले, तरी पुन्हा बोलावणं नाही. मला तरी हा अन्यायच वाटतो. 1938 मध्ये तो चेल्सीत गेला, पण पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं. ऐन उमेदीची वर्षं त्यातच गेली. युद्धानंतर थोडा काळ वेस्ट हॅमकडून खेळला, बस्स.