सीसी तेवढीच, सिलिंडर चौपट

प्रश्न : १९५७ च्या आइल ऑफ मॅन टीटीच्या, म्हणजे त्या बेटावरच्या ‘टूरिस्ट ट्रॉफी’ मोटारसायकल शर्यतींच्या निकालात ज्युनिअर, सीनिअर, लाइटवेट असे गट दिसतात. हे गट चालकांच्या वयावर पाडले होते की अनुभवावर? बॉब मॅकिन्टायर ज्युनिअर आणि सीनिअर अशा दोन्ही शर्यती जिंकला, हे कसं? आणि नॉर्टन ५०० सीसीची, जिलेराही ५०० सीसीचीच, तर सीनिअरच्या पहिल्या तिघांत एकही नॉर्टन का नाही?

उत्तर : वय आणि अनुभवाचा इथे काहीच संबंध नाही. तेव्हा गट पडत ते इंजिनाच्या सीसीवर, म्हणजे सगळ्या सिलिंडरांच्या मिळून आकारमानावर. ज्युनिअर म्हणजे ३५०, सीनिअर म्हणजे ५००, लाइटवेट २५०, अल्ट्रा-लाइटवेट १२५ आणि सायडकारची, म्हणजे बाजूला डबा जोडलेल्या गाड्यांची, शर्यत वेगळी. शर्यती वेगवेगळ्या वेळी होत, त्यामुळे एकच चालक दोन गटांत उतरू शकत असे. ग्लासगोच्या मॅकिन्टायरने त्या आठवड्यात आधी ३५० ची जिलेरा चालवली आणि ७ जूनला ५०० ची.

हे सगळे गट एकाच रस्त्यावरही धावत नव्हते. ज्युनिअर आणि सीनिअर ६०.७ किलोमीटरच्या डोंगरी मार्गावर होत. तिथे चालक ठरावीक सेकंदांच्या अंतराने सुटत, म्हणून रस्त्यावर जो पुढे दिसतो तोच शर्यतीत पुढे असेल याची खात्री नसे. प्रेक्षकांचा सगळा भरवसा ग्रँडस्टँडसमोरच्या फलकावर. छोटे गट आणि सायडकार त्या वर्षी सुमारे १७ किलोमीटरच्या क्लिप्स मार्गावर एकदमच सुटले. तिथल्या २५० च्या शर्यतीत सॅमी मिलर अगदी शेवटच्या फेरीपर्यंत आघाडीवर होता. गव्हर्नर्स ब्रिजच्या वळणावर तो पडला, गाडी ढकलत रेषेपार आला आणि पाचवा ठरला. जिंकला सेसिल सँडफर्ड. दोघांच्याही गाड्या मोंडियाल.

आता नॉर्टनकडे. निम्मी हयात इंजिनं उघडण्यात गेली असल्यामुळे तुमचा हा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. मँक्स नॉर्टनला, म्हणजे नॉर्टनच्या शर्यतीच्या गाडीला, एकच सिलिंडर, व्यास ८६ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव, ८५.६. जिलेराला चार, प्रत्येकाचा व्यास ५२ आणि स्ट्रोक ५८.८. दोन्हींचा हिशेब करा, बेरीज ५०० च्या आतच येते. पण क्रँकच्या एका फेऱ्यात नॉर्टनचा पिस्टन वर-खाली मिळून १७१ मिलिमीटर पळतो, जिलेराचा ११८ च्या आतबाहेर. पिस्टन किती वेगाने पळवायचा याला मर्यादा असते. ती ओलांडली की कनेक्टिंग रॉड तरी तुटतो नाही तर पिस्टन फुटतो. त्या मर्यादेत राहून नॉर्टन मिनिटाला ७,००० फेरे घेत असेल, तर जिलेरा १०,००० च्या पुढे जाते. तेवढ्याच सीसीत दर मिनिटाला जास्त वेळा स्फोट, म्हणून ताकद जास्त. नॉर्टन ५० अश्वशक्तीच्या आसपास आणि जिलेरा ७० च्या. नॉर्टन वळणावर उत्तम बसायची, तिची चेसिस, म्हणजे सांगाडा, नावाजलेली. पण सरळ चढावर वीस घोड्यांचा फरक चेसिसने भरून निघत नाही. दुसरा आलेल्या जॉन सर्टीसची एमव्ही अगुस्ता चार सिलिंडरचीच, तिसरा बॉब ब्राऊन जिलेरावर. चौथ्या आलेल्या डिकी डेलच्या मोटो गुझीला तर आठ सिलिंडर होते!

यातली खरी गंमत जुनी आहे. १९०७ च्या पहिल्या टीटीत गट सीसीवर नव्हते, सिलिंडरवर होते. एक सिलिंडरवाल्यांना पेट्रोलच्या गॅलनमागे ९० मैल काढायचे होते, दोनवाल्यांना ७५ चालत. १९११ मध्ये सीनिअर गटात एक सिलिंडरला ५०० सीसीची मर्यादा आणि दोनला ५८५ ची. म्हणजे जास्त सिलिंडर हा दुबळेपणा धरून त्याला सवलत दिली जात होती. १९१२ मध्ये ही सवलत काढून सगळ्यांना सरसकट ५०० आणि ३५० केलं. दंड फक्त सीसीला लावायचा म्हटल्यावर इंजिन बनवणारा सिलिंडर वाढवणारच, त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

अर्थात चारच सिलिंडर हवेत असंही नाही. १९५७ मध्येच ३५० चं जगज्जेतेपद कीथ कॅम्पबेलने मोटो गुझीच्या एका आडव्या सिलिंडरवर मिळवलं. गाडी हलकी, बुटकी, वारा कमी अडवणारी.

प्रश्न : ताशी १०० मैलांची पहिली फेरी १९५७ च्या सीनिअर शर्यतीतच झाली ना?

उत्तर : हो. मॅकिन्टायरची सर्वांत जलद फेरी ताशी १०१.१२ मैलांची, म्हणजे २२ मिनिटं २३ सेकंद. दोन वर्षांपूर्वी जेफ ड्यूकच्या फेरीला आधी १०० जाहीर झाले होते, मग दुरुस्ती करून ९९.९७. मला मात्र या आकड्यापेक्षा शर्यतीची लांबी मोठी वाटते. टीटीचा सुवर्णमहोत्सव म्हणून सीनिअर आठ फेऱ्यांची ठेवली होती, जवळपास ४८६ किलोमीटर, आणि तो तीन तासांहून जास्त वेळ गाडीवर होता.

प्रश्न : पुढच्या वर्षी जिलेरा का दिसत नाही?

उत्तर : १९५७ चा मोसम संपताना जिलेरा, मोटो गुझी आणि मोंडियाल तिघांनीही शर्यती सोडल्या. खर्च वाढत होता, मोटारसायकलींचा खप घटत होता. एमव्ही अगुस्ता मात्र शर्यतींत टिकून राहिली आणि १९५८, ५९, ६० अशी सलग तीन वर्षं १२५, २५०, ३५०, ५०० या चारही गटांची जगज्जेतेपदं तिच्याच चालकांकडे गेली.