बागेचं विचारा: सेट नको, आधी खुरपं घ्या

प्रश्न : ताई, कराडजवळ नवीन घर बांधलंय, मागं अर्धा गुंठा मोकळी जागा आहे, काळी माती. गुलाब, जास्वंद, थोडा भाजीपाला असं डोक्यात आहे. ऑनलाइन गार्डन टूल्सचा पाच वस्तूंचा सेट स्वस्तात दिसतोय, रंगीत मुठी वगैरे. घेऊन टाकू का?

नका घेऊ दादा. तो सेट कुंडीतल्या भुसभुशीत मातीसाठी ठीक आहे, तुमच्या काळ्या मातीत पत्र्याचं ते छोटं फावडं पहिल्याच आठवड्यात मानेत वाकणार, आणि त्यातला तो तीन दातांचा पंजा तर बहुतेक घरांत नुसता खिळ्याला लटकलेलाच दिसतो. त्याच पैशात बाजाराच्या दिवशी लोहाराकडून एक खुरपं घ्या. ट्रकच्या जुन्या पाट्याचं, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचं आहे का विचारा, ते स्टील कडक असतं, धार धरून ठेवतं. घेताना पातं आणि मूठ दोन हातांत धरून पिळून बघा, जरा जरी हललं तरी दुसरं मागा. आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी रिंग हवी, नाहीतर लाकूड तिथूनच चिरतं.

वापरायचं कसं, तर नवीन माणूस खुरपं कुदळीसारखं मारतो आणि संध्याकाळी मनगट धरून बसतो. पातं जमिनीला जवळजवळ आडवं ठेवायचं, मातीच्या वरच्या थरात अर्धा-पाऊण इंच घुसवायचं आणि आपल्याकडं ओढायचं, तण मुळाशी कापलं जातं आणि वरची माती मोकळी होते. पण हे वाफसा असतानाच, म्हणजे माती मुठीत दाबली तर गोळा होतो पण हाताला चिकटत नाही तेव्हा. ओल्या काळ्या मातीत शिरलात तर तुमच्या पायाखाली ती दाबली जाते आणि नंतर अशी ढेकळं होतात की फोडायला कुदळच लागते. हराळी आणि लव्हाळा मात्र खुरप्यानं जात नाही बरं का. हराळीचा तुकडा राहिला की पुन्हा फुटते, लव्हाळ्याची गाठ खाली तशीच राहते, त्यांना कुदळीनं खोल खणून वेचूनच काढावं लागतं.

म्हणजे घ्यायचं एवढंच : खुरपं, एक मध्यम कुदळ, घमेलं, झारी आणि छाटणीची कात्री. फावडं शेजाऱ्याकडनं मागून आणा, वर्षातनं दोनदा लागेल. खर्च करायचाच असेल तर कात्रीवर करा.

प्रश्न : सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घ्यायला गेले तर दुकानदारानं दोन प्रकार दाखवले, एकात दोन्ही पाती वाकडी आणि दुसऱ्यात एक पातं सपाट पट्टीवर पडतं. गुलाबाला कुठली? – एक वाचिका, नाशिक

पहिली, बायपास म्हणतात ती. पाती एकमेकांना घासून जातात म्हणून काप स्वच्छ येतो. पट्टीवाली ओली फांदी चेचते, ती वाळक्या काटक्यांना ठेवा. आठ इंचीच्या आसपासची घ्या, पण दुकानात हातात धरून पूर्ण उघडून बघा, बायकांच्या हाताला बऱ्याच कात्र्या मोठ्या होतात आणि बोटंच पोचत नाहीत. लॉक अंगठ्यानं लागलं पाहिजे. धारेचं पातळं पातं झाडावर जो भाग राहणार आहे त्या बाजूला ठेवायचं, जाड पातं टाकायच्या बाजूला, हे कोणी सांगत नाही. गुलाबाची ऑक्टोबरातली छाटणी करताना बाहेरच्या दिशेला तोंड असलेला डोळा, म्हणजे नवी फूट येते ती जागा, बघून त्याच्या थोडं वर तिरका काप द्या. फांदी अंगठ्यापेक्षा जाड असेल तर कात्रीशी झटापट नको, छोटी करवत घ्या. आणि कात्रीनं तार तर अजिबातच कापायची नाही! रोगट फांदी कापली की पुढच्या झाडाला जायच्या आधी पाती स्पिरिटनं पुसा. आणि धार लावताना फक्त उतरत्या बाजूनं घासायची, सपाट बाजूचा नुसता कच, म्हणजे धार लावताना वळलेली खरखरीत कड, काढायचा, ती बाजू घासलीत तर पात्यांमध्ये फट पडते आणि कात्री कापायच्या ऐवजी साल ओरबाडते.

प्रश्न : कुदळीचा दांडा सारखा ढिला होतो, पाण्यात बुडवून ठेवला की दोन दिवस बरा. – सातारा

पाण्यानं लाकूड फुगतं आणि वाळलं की परत बारीक होतं, म्हणून ते दोन दिवसांचंच. आपल्याकडच्या कुदळीचा दांडा वरून घालतात, त्याचं जाड टोक वर असतं. कुदळ उलटी करा, ते जाड टोक दगडावर चार-पाच वेळा आपटा, लोखंड आपोआप जाड भागाकडं सरकून घट्ट बसतं. तरी हलत असेल तर दांडाच झिजलाय, बाभळीचा नवा टाका. ढिल्या कुदळीनं खणू नका, शेजारी पोरंटोरं असतील तर मुळीच नाही.

(पावसाळ्यात गंज चढतो अशी तीन पत्रं आलीत, सगळ्यांना एकच : माती खरवडा, फडक्यानं कोरडं करा, शिलाई मशीनचं तेल लावा, आणि हत्यारं बाथरूमच्या बादलीत ठेवू नका.)