वडील वारल्यावर पीएम किसानचा हप्ता आईला मिळेल का?

तुमच्या वडिलांना पीएम किसानचा हप्ता येत होता, ते मागच्या वर्षी गेले, आता आईला मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. आणि भावकी म्हणते, सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं लावा, आईचं कशाला.

मिळेल. पण मला बोलायचंय ते भावकीच्या त्या 'कशाला'वर.

आमची जमीन बीड जिल्ह्यात, कोरडवाहू. आजोबा गेले तेव्हा फेरफार, म्हणजे जमिनीच्या कागदावरचा नावबदल, झाला तो एकट्या थोरल्या चुलत्यांच्या नावाने, पुढे 'ए.कु.मॅ.' लिहून, म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. माझ्या वडिलांचं नाव कुठेच नाही. पुढे वाटणी झाली तीही तोंडी, बांध घालून. वडील लवकर गेले आणि आमच्या वाटणीचं रान आईनेच केलं. पेरणी, खुरपणी, कापूस वेचणी, सगळं. कागदावर मात्र ती त्या रानाची कुणीच नव्हती. आठ-अ, म्हणजे नावावरच्या जमिनीचा उतारा, नाही म्हणून सोसायटी पीककर्ज देत नव्हती. 2014 च्या गारपिटीत आमचा हरभरा झोपला. पंचनामा आमच्या रानाचा झाला, मदत खातेदाराच्या खात्यात गेली. आईने मागितली तर चुलते म्हणाले, "देतो की, पळून चाललोय का?" आलेल्यातले अर्धेच दिले, तेही पुढच्या पेरणीच्या तोंडावर.

2019 ला पीएम किसान आली. गावच्या यादीत चुलते होते, आई नव्हती. तेव्हा मी उठलो. "दोन हजारांसाठी घर फोडतोस का?" असं चुलत्यांनी चारचौघांत विचारलं. घर मी फोडलं नाही. ज्या बाईने रान केलं तिचं नाव तीस वर्षं कागदावर येऊ दिलं नाही, त्यांनी ते आधीच फोडलं होतं. शेवटी तहसीलमध्ये वाटणीचा अर्ज केला आणि आईचं नाव लागलं.

हप्ता तरीही मिळाला नाही. या योजनेला 1 फेब्रुवारी 2019 च्या आधीपासून जमीन नावावर असावी लागते. त्यानंतरची नोंद चालते ती फक्त खातेदार वारल्यामुळे वारसाने आली असेल तर. आईचा फेरफार नंतरचा आणि वाटणीचा, त्यामुळे अर्ज नामंजूर. राज्याची नमो शेतकरी योजना पीएम किसानच्याच यादीवर चालते, म्हणून तेही सहा हजार नाहीत. वर्षाला बारा हजार गेले, ते एका जुन्या शेऱ्यापायी.

तुमच्या आईचं तसं नाही. वडिलांचं नाव 2019 च्या आधीपासून होतं आणि ते नंतर वारले, म्हणजे वारस म्हणून आई नियमात बसते. मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, ई-हक्क या सरकारी पोर्टलवरूनही देता येतो. नोटीस निघेल, हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतील. मग आईच्या नावाने पीएम किसानची नवी नोंदणी करायची. वडिलांचा जुना आणि आईचा नवा, दोन्ही फेरफार जोडा. फार्मर आयडी, ई-केवायसी आणि आधार जोडलेलं बँक खाते आईचं स्वतःचं असू द्या, मुलाचं नको.

आईने हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर, सही करू नये. भावकी गोड बोलून तेच पुढे करेल. हिंदू वारसा कायद्याने विधवेचा हिस्सा मुलांइतकाच आहे, आणि बहिणी असतील तर त्यांचाही.

एक राहिलं. वडील गेल्यानंतर त्यांच्या खात्यात हप्ता पडला असेल तर काढू नका, तो परत करावा लागतो. आईला महिन्याला दहा हजार किंवा जास्त पेन्शन असेल किंवा ती आयकर भरत असेल, तर हप्ता मिळणार नाही. तरी नाव लावाच. पीककर्ज, विमा, गारपिटीची मदत, सगळं त्याच नावावर येतं.

भावकीने "आईचं कशाला?" म्हटलं, तर त्यांना विचारा, वडिलांच्या माघारी त्या रानात राबतंय कोण.