दुखण्यावर लावायच्या जेलमध्ये औषध कमी आणि बाकीचंच जास्त का? (तुमचे प्रश्न, आमची उत्तरं)

प्रश्न: गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकचं जेल लावते. ट्यूबच्या मागे बघितलं तर औषध फक्त 1 टक्का, बाकी प्रोपिलीन ग्लायकॉल, आयसोप्रोपिल अल्कोहोल असली नावं. ही भेसळ तर नाही ना? आणि लावल्यावर वरून प्लास्टिक गुंडाळून शेक घेतला तर जास्त आराम पडेल का?

उत्तर: भेसळ अजिबात नाही, उलट ती मंडळी नसती तर तुमचं 1 टक्का औषध कातडीवरच वाळून गेलं असतं आणि पुढच्या आंघोळीत धुऊन निघालं असतं. आपल्या कातडीचा अगदी वरचा थर, स्ट्रेटम कॉर्निअम म्हणतात त्याला, बहुतेक ठिकाणी जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो पण आहे भलताच चिवट, मेलेल्या चपट्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामध्ये सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडचा स्निग्ध गिलावा, अशी भिंतच आहे ती. औषधाला आत जायचं तर बहुतेक वेळा त्या गिलाव्यातूनच वाट काढत जावं लागतं. तिथे ही केमिकल्स कामाला येतात, त्यांना पेनिट्रेशन एन्हान्सर म्हणतात.

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ओलेइक ॲसिडच्या रेणूची शेपटी मध्येच वाकडी असते, ती शिस्तीत रचलेल्या स्निग्ध थरात घुसली की रचना विस्कटते आणि फटी पडतात. अल्कोहोल थोडे स्निग्ध पदार्थ विरघळवून काढतं, शिवाय ते उडून गेलं की मागे राहिलेलं औषध दाट होतं आणि आत ढकललं जातं. प्रोपिलीन ग्लायकॉल स्वतः कातडीत मुरतं आणि औषधाला तिथे विरघळायला सोयीचं करून देतं. मेन्थॉल फक्त गार वाटण्यासाठी घालतात असं लोकांना वाटतं, पण तेही या कामात हातभार लावतं. आणि सगळ्यात साधा एन्हान्सर म्हणजे पाणी! भिजलेल्या कातडीतून औषध जास्त जातं.

आता तुमच्या प्लास्टिकचं. प्लास्टिक गुंडाळलं की घाम आतच कोंडतो, कातडी भिजून फुगते, वर शेकाने रक्तपुरवठा वाढतो, म्हणजे आधीच एन्हान्सर घातलेल्या जेलला तुम्ही आणखी दोन एन्हान्सर जोडताय. कंपनीने डोस ठरवताना हा हिशोब धरलेलाच नसतो. एका गुडघ्याला दिवसातून 4 वेळा 4-4 ग्रॅम जेल लावलं तरी रक्तात गोळीच्या मानाने साधारण 6 टक्केच औषध पोचतं, जेलचा सगळा फायदा तिथेच तर आहे, तो का घालवायचा? नुसतं जेल लावा, शेक वेगळ्या वेळी घ्या. लाल चट्टे किंवा आग झाली तर बंद करून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: डीएमएसओ नावाचं द्रव काहीही आत पोचवतं म्हणे, ते माझ्या मलमात मिसळू का?

उत्तर: नको, प्लीज नको. डीएमएसओ खरंच जबरदस्त आहे, कातडीवर लावलं की थोड्या वेळात तोंडात लसणासारखी चव येते, इतक्या लवकर ते रक्तात पोचतं. पण ते आत जाताना तुम्ही निवडलेलं औषधच नेईल असं नाही, हातावरची घाण, मलमातली बाकीची केमिकल्स, बाटलीतली अशुद्धी, जे सापडेल ते सोबत जाऊ शकतं. प्राण्यांच्या डोळ्यांच्या भिंगात बदल दिसले म्हणून 1965 मध्ये अमेरिकेत त्याच्या चाचण्या थांबवल्या होत्या. डायक्लोफेनॅकच्या एका द्रावणात ते अधिकृतपणे वापरतात हे खरं, पण ते प्रमाण तपासून ठरवलेलं आणि शुद्ध मालाचं असतं, घरी वाटीत ढवळलेलं नव्हे.

प्रश्न: एवढे एन्हान्सर आहेत तर इन्सुलिनचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी, का नाही?

उत्तर: रेणूच्या आकारामुळे. साधारण 500 डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) आतले रेणूच निरोगी कातडीतून बऱ्यापैकी जातात. पॅचमधून देतात ते निकोटिन 162, फेंटानिल हे जबर वेदनाशामक 336, आणि इन्सुलिन? 5800 च्या आसपास! एवढा रेणू आत जाईल इतकी कातडी उसवायची तर आधी जळजळ आणि फोडच येतील, म्हणून तिथे सूक्ष्म सुयांसारखे दुसरे मार्ग शोधतायत.

प्रश्न: पॅच अर्धा कापून लावला तर चालतो का?

उत्तर: फार्मासिस्टला विचारल्याशिवाय कात्री लावू नका. काही पॅचमध्ये औषध आणि अल्कोहोलचं जेल पिशवीत भरलेलं असतं, ती कापली की सगळा डोस एकदम बाहेर. आणि वापरून झालेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरतं, तेव्हा चिकट बाजू आत दुमडा आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका, फेंटानिलचा असेल तर त्याच्या पत्रकात सांगितलंय तसाच.