आज्जी वाचते, तरी पूर का येतो?

चि. मुक्ता,

पोप फ्रान्सिस यांचं 2015 चं 'लाउदातो सी' हे पर्यावरणावरचं पत्र इथे लेस्टरच्या चर्चमध्ये शनिवारी सगळे मिळून मोठ्यानं वाचणार आहेत, आणि त्यातले हवामानावरचे 23 ते 26 परिच्छेद तुझ्या वाट्याला आलेत. त्यावरून काल तू सहज विचारलंस, "आज्जीपण सगळ्यांबरोबर ज्ञानेश्वरी वाचते ना, मग कोल्हापुरात पूर का येतो?" जरा बोचलंच.

पोथीनं पाणी अडत नाही, हे आज्जीलाही ठाऊक आहे. शुक्रवार पेठेत लोक पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 च्याही वर गेलं. हवा एका अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. ते घाटमाथ्यावर एकदम कोसळतं, आणि खाली नदीची पसरायची जागा आपणच बांधून टाकलेली. शेवटच्या अध्यायातलं पसायदानही पूर थांबव म्हणत नाही. सगळ्यांचं भलं मागतं, बस्स.

मग वाचायचं कशाला? मला वाटतं, शंभर माणसं एका श्वासात वाचायला शिकतात म्हणून. ते सोपं नसतं. ज्ञानेश्वरीच्या साखरे महाराजांच्या प्रतीत 9033 ओव्या आहेत. सात दिवसांच्या पारायणात संपवायच्या तर रोज जवळपास 1290, म्हणजे न रेंगाळता तीन-सव्वातीन तास. अध्यायांप्रमाणे वाटणी केली तर फसते, कारण एकट्या अठराव्यात अठराशेवर ओव्या आहेत. सगळ्यांकडे एकच प्रत लागते. एखाद्याकडे वेगळी असली की शब्द अडखळतो आणि अख्खी रांग मागे पडते. ओवीचे तीन चरण लांब, यमक जुळवणारे, आणि चौथा आखूड. श्वास त्या चौथ्यानंतर घ्यायचा. पुढचे पळवतात, मागचे रेंगाळतात, आणि अर्ध्या सेकंदाच्या फरकानंही मंडपाचा बाजार होतो. अशा वेळी व्यासपीठचालक, म्हणजे पुढे बसून सगळ्यांना वाचत नेणारा, आवाज चढवत नाही, वेग कमी करतो. आमच्या लहानपणी पोरांना मागच्या रांगेत बसवत; बोट ओवीखाली धरायचं, चुकलं तर गप्प राहायचं आणि पुढच्या ओवीला मिळायचं. तिसऱ्या दिवशी घसे बसतात. तेव्हा कोमट पाणी, थंड नाही.

एक गोष्ट मात्र मलाही पटत नाही. सात दिवस वाचून शेवटी काल्याचा महाप्रसाद थर्माकोलच्या ताटांत वाढायचा, आणि ती ताटं ओढ्यात जायची! पत्रावळी मिळतात की. हे मी तात्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तू येऊन वाढ."

आता तुझ्या शनिवारचं. त्या पत्राचे परिच्छेद 246. माणशी अमुक परिच्छेद असं वाटू नका, शब्द मोजून वाटा. परिच्छेद लहानमोठे आहेत, कुणी लगेच उठेल तर कुणी उभाच राहील. तळटिपांचे आकडे वाचायचे नाहीत, आधीच पेन्सिलीनं खोडून ठेव. माईक हनुवटीच्या खाली धर, तोंडासमोर नको, नाहीतर फुंकर ऐकू येते. पुढचा वाचक आधीच शेजारी उभा असू दे. खुर्चीतून उठून येईपर्यंतच्या शांततेत लोक फोन काढतात. शेवटच्या परिच्छेदात दोन प्रार्थना आहेत, त्या एकट्यानं नको, सगळ्यांनी मिळून म्हणा. तिथे वेग आपोआप मंदावेल, मंदावू दे.

श्रावणात आज्जीकडचं पारायण फोनवर ऐकायचं असेल, तर तिकडचे सकाळचे आठ म्हणजे लेस्टरमध्ये पहाटेचे साडेतीन. उठलंच पाहिजे असं काही नाही.

तुझा,
बाबा