ऑक्सिजन कमी पडला की अॅड्रिनल ग्रंथी थकते का?

प्रश्न: घरात एकाला फुफ्फुसाचा जुना आजार आहे, ऑक्सिजन कायम कमीच असतो. कुणीतरी सांगितलं की अशाने किडनीवर बसलेली, हार्मोन बनवणारी अॅड्रिनल ग्रंथी थकते, सप्लिमेंट सुरू करा. खरंच या ग्रंथीच्या पेशी थकतात का?

उत्तर: नाही हो, थकत नाहीत. 'अॅड्रिनल फटीग' नावाचा आजार एंडोक्रायनॉलॉजीवाले, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, मानतच नाहीत, त्यामुळे त्या सप्लिमेंटवर पैसे घालवू नका. पण प्रश्न फार चांगला विचारलात, कारण ऑक्सिजन कमी असताना या पेशींमध्ये बदल होतात हे मात्र खरं आहे.

कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाला तोंड द्यायला ही ग्रंथी सोडते ते हार्मोन, कोलेस्टेरॉलपासून बनतं आणि त्यातल्या बऱ्याच पायऱ्यांवर एन्झाइमला थेट ऑक्सिजन लागतो, मग वाटतं की ऑक्सिजन घटला की कॉर्टिसॉलही घटणार. अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मेंढ्यांवर बघितलं. गर्भ साधारण ४० दिवसांचा झाला की गाभण मेंढ्या कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटनवर, ३८२० मीटर उंचीवर न्यायच्या आणि जवळजवळ दिवस भरेपर्यंत तिथेच ठेवायच्या. पोटातल्या पिल्लांच्या रक्तात एसीटीएच, म्हणजे कॉर्टिसॉल बनवायला सांगणारं हार्मोन, वाढलेलं होतं तरी एरवीचं कॉर्टिसॉल नॉर्मलच! कारण अॅड्रिनलच्या पेशींनी एसीटीएचचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणारे रेणू, कमी केले होते, कॉर्टिसॉल बनवायला लागणारी सीवायपी११ए१ आणि सीवायपी१७ ही एन्झाइमंही कमी केली होती, वर कॉर्टिसॉल आवरणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड या वायूचा ब्रेक होताच. आणि गंमत पुढे आहे, याच पिल्लांना नवा ताण दिला, उदाहरणार्थ नाळ थोडा वेळ दाबली, की कॉर्टिसॉल नेहमीपेक्षा जास्त उसळायचं. म्हणजे रोजचा खर्च आवरून धरलेला पण अडीअडचणीची तयारी पक्की. मला तर हे फार विलक्षण वाटतं. अर्थात ही पोटातली पिल्लं आहेत, मोठ्या माणसाला हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही.

मोठ्या माणसांत काय दिसतं तर उंचावर गेल्यावर मीठ-पाणी सांभाळणारं अल्डोस्टेरॉन कमी होतं. ग्रंथीच्या आतल्या भागातल्या, अॅड्रिनलिन सोडणाऱ्या क्रोमॅफिन पेशींचं जरा वेगळं आहे, जन्माआधी त्यांना ऑक्सिजनची कमी थेट कळते आणि नंतर मज्जातंतूंची जोडणी पक्की झाली की बहुतेक हुकूम तिकडूनच येतात.

आता तुमच्या घरच्यांसाठी महत्त्वाचं. फुफ्फुसाच्या आजारात बऱ्याचदा स्टिरॉइडच्या गोळ्या असतात, त्या बरेच दिवस घेतल्या की अॅड्रिनल स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं खरोखर कमी करते, आणि खरा धोका इथे आहे. अशा गोळ्या चालू असतील तर बरं वाटतंय म्हणून मनानेच एकदम बंद करू नका, डॉक्टर सांगतील तशाच हळूहळू कमी करा. आणि गोळ्या कमी केल्यावर खूप अशक्तपणा, उलट्या, चक्कर, बीपी उतरणं असं काही झालं तर वाट बघत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा आणि स्टिरॉइड चालू होतं हे तिथे आधी सांगा.